‘मार्गदर्शक’ आणि ‘पाठराखीण’ : युवककार्यातील एका परिभाषेची चिकित्सा

वस्तीतील मुलामुलींसाठी चालणाऱ्या अभ्यासिका, वाचनवर्ग, क्रीडामंडळे आणि छंदवर्ग यांना सुजाण प्रौढांची सोबत हवी असते. अशी सोबत विनावेतन देणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीच्या अनुकरणाने ‘मेंटर’ आणि मराठीत बहुधा ‘मार्गदर्शक’ म्हटले जाते. तिला शोधून आणण्याच्या कार्यास ‘भरती’, ती आल्यावर तिच्याकडे लक्ष ठेवण्यास ‘देखरेख’ आणि तिला मिळालीच तर मिळणाऱ्या रकमेस ‘मानधन’ ही नावे आहेत. हे चारही शब्द इतके रुळलेले आहेत की त्यांची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. वस्तुतः या शब्दांनी एका विशिष्ट गृहीतकाचा भार वाहिलेला आहे. ते गृहीतक असे की, चांगली व्यक्ती मिळाली म्हणजे काम झाले. तिला टिकवण्याचे व सांभाळण्याचे काम गौण होय. प्रस्तुत विवेचनाचा हेतू हे गृहीतक शब्दार्थाच्या अंगाने आणि उपलब्ध संशोधनाच्या अंगाने तपासणे हा आहे.

१. ‘मेंटर’ या नावाचा प्रवास

‘मेंटर’ हे मुळात विशेषनाम होय. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात ओडिसिअस युद्धावर जाताना आपले घर ज्या मित्राच्या हवाली करतो त्याचे हे नाव. तथापि काव्यातील या वृद्ध गृहस्थाची कामगिरी फारशी उज्ज्वल नाही. त्याच्या डोळ्यांदेखत घराची धूळधाण चालू आहे, आणि सभेत निषेधाचे चार शब्द बोलण्यापलीकडे त्याच्या हातून काही घडत नाही. तरुण टेलेमॅकसला खरी मदत होते ती अथीना या देवतेची, आणि ती त्याच्यापुढे मेंटरचे रूप घेऊन येते.

ही मदत कोणत्या प्रकारची आहे हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या सर्गात मेंटररूपी अथीना टेलेमॅकसला धीर देते हे खरे. पण तेवढ्यावर ती थांबत नाही. नौका मिळवून देण्याचे, आणि लोकांतून स्वेच्छेने येणारे सोबती गोळा करण्याचे आश्वासन ती देते व ते पाळते. स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी होमरने तेथे वापरलेला ‘एथेलोन्तेर’ हा शब्द आजच्या ‘स्वयंसेवक’ या शब्दाच्या अगदी निकटचा आहे. तिसऱ्या सर्गात नेस्टरपुढे कसे बोलावे या विचाराने टेलेमॅकस संकोचतो, तेव्हा ती त्याला भाषण पढवीत नाही. त्याचे त्याला सुचेल असा विश्वास देऊन ती बरोबर चालते. आणि त्याचा जम बसताच ती निघून जाते. साधने जुळवणे, सोबती जमवणे, बरोबर जाणे आणि योग्य वेळी दूर होणे असे या भूमिकेचे चार घटक होमरच्या काव्यातून हाती लागतात. उपदेश हा त्यांतील प्रमुख घटक नव्हे.

या व्यक्तिरेखेला उपदेशकाचे रूप प्राप्त झाले ते पुष्कळ नंतर. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाचे शिक्षक असलेल्या फेनलाँ यांची ‘टेलेमॅकसची साहसे’ ही गद्यकथा १६९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मेंटर प्रत्येक प्रसंगी राजपुत्रास नीतिपाठ देतो. अठराव्या शतकात हे नाव सामान्यनाम म्हणून युरोपीय भाषांत रूढ झाले, त्यास मुख्यतः फेनलाँची ही कथा कारण झाली. याचा अर्थ असा की, आज जगभर वापरला जाणारा हा शब्द होमरच्या सोबत्यापेक्षा फेनलाँच्या उपदेशकाचा वारस आहे.

२. मराठी प्रतिशब्दांची छटा

मराठीने ‘मार्गदर्शक’ हा प्रतिशब्द स्वीकारताना हाच वारसा घेतला. मार्ग दाखविणारा तो मार्गदर्शक. मार्ग दाखविणाऱ्यास मार्ग ठाऊक असतो, पाहणाऱ्यास तो ठाऊक नसतो, आणि दाखवून झाल्यावर दाखविणाऱ्याने चालणे आवश्यक नसते, ही तीनही गृहीते या समासात दडलेली आहेत. विद्यापीठीय व्यवहारात प्रबंधाच्या मार्गदर्शकास आणि परीक्षेच्या तयारीसाठी छापल्या जाणाऱ्या पुस्तकास एकच शब्द चालतो, हे या दृष्टीने सूचक आहे. असा शब्द घेऊन आवाहन केले म्हणजे त्याला प्रतिसादही त्याच जातीचा येतो. ज्यांस सांगण्यासारखे पुष्कळ आहे असे वाटते ते पुढे येतात. ज्यांस ऐकता येते पण आपल्याजवळ सांगण्यासारखे काय आहे असा संकोच वाटतो ते मागे राहतात.

‘पालक’ आणि ‘दत्तक’ हे दोन शब्दही या क्षेत्रात सर्रास येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या परिभाषेत ‘दत्तक गाव’ हा प्रयोग सुपरिचित आहे. कायद्याच्या दृष्टीने दत्तविधान हा एकदा विधिवत झाला म्हणजे रद्द न करता येणारा संबंध आहे. गाव मात्र ठराविक काळासाठी दत्तक घेतले जाते व पुढे दुसरे निवडले जाते. शब्द कायमचा आणि व्यवहार मुदतीचा, ही विसंगती गावाच्या बाबतीत केवळ भाषिक ठरते. मुलाच्या बाबतीत तिचे परिणाम अधिक गंभीर होतात.

याहून अधिक विचारार्ह आहेत ते ‘ताई’ आणि ‘दादा’ हे संबोधनवाचक शब्द. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील अधिकारी अर्नेस्ट कूल्टर यांनी १९०४ मध्ये जी चळवळ सुरू केली तिला पुढे ‘बिग ब्रदर्स’ असे नाव पडले. इंग्रजीत ते एक योजलेले रूपक होते. मराठी मुलाला त्यासाठी रूपक योजावे लागत नाही. वर्गावर येणारी तरुणी पहिल्याच दिवशी ‘ताई’ होते आणि तरुण ‘दादा’ होतो. ही सहजता मराठी समाजव्यवहाराचे बलस्थान आहे यात शंका नाही. परंतु नातेवाचक शब्दांचा एक धर्म असा की, त्यांना मुदत नसते. शिक्षक बदलतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. ‘माजी ताई’ असा प्रयोग मात्र मराठीत संभवत नाही. संस्थेच्या दप्तरात जो ‘कालावधी पूर्ण झालेला स्वयंसेवक’ असतो तो मुलाच्या भाषेत न सांगता निघून गेलेला दादा असतो.

नातेवाचक शब्द दीर्घ सहवासाने सार्थ झाल्याची उदाहरणे महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात आहेत. रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातील वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. त्यांना ‘रयतमाउली’ म्हणण्यामागे वर्षानुवर्षांचा संसार होता. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी वाहिली. मुलांची पडेल ती कामे त्यांनी स्वतः केली. त्यांच्या ‘श्यामची आई’ या १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची रचनाही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्यातील श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री गोष्ट सांगतो. तो त्यांना मार्ग दाखवीत नाही. आपल्याला कोणी कसे सांभाळले हे सांगतो. त्या पुस्तकावर भाबडेपणाचा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे, परंतु सांभाळला गेलेला मनुष्यच दुसऱ्यास सांभाळू शकतो ही त्याच्या रचनेतून प्रकट होणारी दृष्टी भाबडी म्हणता येणार नाही.

३. संशोधनाची साक्ष

शब्दांच्या या छटांना वास्तवात काही आधार आहे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. या विषयावरील सर्वांत परिचित अभ्यास अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या कार्याचा असून तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते १६ वयाच्या ९५९ मुलामुलींपैकी काहींना लगेच सोबती मिळाला व उरलेल्यांना प्रतीक्षायादीत ठेवण्यात आले. दीड वर्षाने तुलना केली असता सोबती मिळालेल्या गटात अमली पदार्थांचे सेवन नव्याने सुरू करण्याची शक्यता ४६ टक्क्यांनी कमी आढळली. हा आकडा पुढे प्रचारपत्रकांतून पुष्कळ गाजला. त्यामागील परिस्थिती मात्र क्वचितच उद्धृत होते. सोबती व मूल महिन्यातून सुमारे तीनदा, दर खेपेस तीन-चार तास भेटत होते; आणि निवड, प्रशिक्षण व नियमित विचारपूस करणारे पगारी कर्मचारी या भेटींच्या पाठीशी उभे होते.

जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी २००२ मध्ये या सामग्रीचा कालावधीच्या दृष्टीने पुन्हा विचार केला. ज्या जोड्या एक वर्ष वा त्याहून अधिक टिकल्या त्यांत मुलांना सर्वाधिक लाभ झालेला दिसला. कालावधी घटत गेला तसतसा लाभ घटत गेला. आणि अगदी अल्प काळात मोडलेल्या जोड्यांतील मुलांची काही बाबतींत पीछेहाट झाली. म्हणजे अर्धवट सोडलेली सोबत ही थोडी सोबत ठरत नाही. ती काही वेळा अपाय ठरते. ‘जेवढे जमेल तेवढे करा, काहीच नसण्यापेक्षा बरे’ असे म्हणून स्वयंसेवकांना बोलावणाऱ्या आवाहनांचा तात्त्विक पायाच या निष्कर्षाने डळमळीत होतो.

याहून जुना आणि अधिक अस्वस्थ करणारा पुरावा मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज व समरव्हिल या नगरांतील अभ्यासाचा आहे. डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात ५०६ मुलांच्या समसमान जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकास सल्लागाराची मदत देण्यात आली. ही मदत सरासरी पाच वर्षे चालली. १९७८ मध्ये जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनंतरच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांचे आयुष्य मदत न मिळालेल्यांपेक्षा सरस ठरले नव्हते. उलट कित्येक बाबतींत ते अधिक वाईट होते. तरीही मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश व्यक्तींनी त्या उपक्रमाचा आपणांस उपयोग झाला असे सांगितले होते. येथील सल्लागार हे विनावेतन स्वयंसेवक नव्हते, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वयंसेवकांस लावणे योग्य होणार नाही. परंतु दोन गोष्टी त्यातून निश्चित निघतात. सद्हेतू हा परिणामाचा पुरावा नव्हे. आणि लाभार्थ्याची कृतज्ञता हाही परिणामाचा पुरावा नव्हे. संस्थांच्या वार्षिक अहवालांतून जी भावपूर्ण मनोगते छापली जातात त्यांचे मोल या प्रकाशात ठरवावे लागेल.

डेव्हिड ड्युबॉय व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये अशा ५५ मूल्यमापनांचा एकत्र विचार केला. सरासरी लाभ माफक आढळला. मात्र ज्या उपक्रमांत सोबत्याचे प्रशिक्षण तो रुजू झाल्यानंतरही चालू राहते, भेटींच्या वारंवारतेविषयी अपेक्षा आधीच स्पष्ट केलेली असते, मुलांसोबत करावयाच्या कामांची आखणी असते आणि पालकांना सहभागी करून घेतले जाते, तेथे लाभ ठळक होता. यांतील एकही घटक स्वयंसेवकाच्या व्यक्तिगत थोरवीशी निगडित नाही. ते सर्व संस्थेच्या वर्तनाशी निगडित आहेत.

४. भरती, तास आणि मानधन

‘भरती’ हा शब्द ‘भरणे’ या धातूपासून आला. रिकामे भांडे भरावे तशी रिकामी जागा भरणे हा त्याचा भाव असून सैन्य व पोलीस यांच्या संदर्भात तो अन्वर्थक आहे. समुद्राच्या भरतीसाठीही मराठी हाच शब्द वापरते आणि त्याबरोबर ओहोटी गृहीत धरते. युवककार्यातील भरतीला जून-जुलैत उधाण येते व परीक्षांचा काळ जवळ आला की ओहोटी लागते, हे महाविद्यालयांच्या परिसरात काम करणाऱ्यांस सांगावे लागत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिच्या रूढ रचनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर पूर्ण करावयाचे असते. साधारणतः १०० विद्यार्थ्यांमागे एक कार्यक्रम अधिकारी असतो व तो मूलतः अध्यापक असतो. रस्ता, वृक्षारोपण, रक्तदान, सर्वेक्षण अशा कामांसाठी तास हे परिमाण पुरेसे आहे. मुलाची सोबत करण्याच्या कामासाठी ते पुरेसे नाही. एकाच महिन्यात उरकलेले पुष्कळ तास आणि वर्षभर दर आठवड्याला दिलेला एकेक तास यांत दप्तराच्या दृष्टीने पहिले अधिक भरतात. मुलाच्या दृष्टीने हिशोब उलटा आहे. शिवाय शंभर विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हे प्रमाण शिबिर चालविण्यास चालेल, पण शंभर सोबत्यांच्या अडचणी ऐकण्यास चालणार नाही.

भारतातील दोन प्रयोग येथे तुलनेसाठी घेता येतील. मुंबईत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतीलच शिकलेल्या तरुणी मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना रोज सुमारे दोन तास शिकवीत. मुंबई व वडोदरा येथील २००१ ते २००३ या काळातील पाहणीत मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ आढळली, आणि कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभरात तिचा बराचसा अंश ओसरल्याचेही दिसले. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात त्याच संस्थेने गावातील स्वयंसेवकांकडून विनावेतन वाचनवर्ग चालविले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासानुसार जी मुले आली त्यांचे वाचन निश्चित सुधारले. पण आली ती गावातील मुलांपैकी सुमारे ८ टक्केच. स्वयंसेवक मिळणे आणि गरजू मुलापर्यंत तो पोचणे या दोन भिन्न क्रिया आहेत हे यावरून स्पष्ट होते.

बालसखीला महिना ५०० ते ७५० रुपये मिळत. अशा रकमेस ‘वेतन’ न म्हणता ‘मानधन’ म्हणण्याचा प्रघात आहे. मान आणि धन यांचा हा समास वरकरणी गौरवाचा दिसतो. व्यवहारात मात्र धन अल्प असल्याची भरपाई मानाने करण्याची ती एक सोय झाली आहे. प्रवासखर्च, साहित्याचा खर्च आणि वस्तीतील तरुणीच्या बुडालेल्या शिकवणीचे मोल यांचा हिशोब या शब्दाखाली झाकला जातो. परिणामी विनावेतन सेवा ज्यांना परवडते त्यांचीच ती मिरास होते, आणि मुलांची भाषा ज्यांना सर्वांत जवळची आहे असे वस्तीतील तरुण तीतून गळतात. येण्याजाण्याचा खर्च विनाविलंब देणे हे औदार्य नसून निवडीचे क्षेत्र विस्तृत करण्याचा उपाय होय.

५. देखरेख की पाठराखण?

परिभाषेतील सर्वांत मोठी उणीव येथे प्रत्ययास येते. स्वयंसेवकाला संस्थेने जो आधार द्यावयाचा त्यासाठी प्रचलित असलेले ‘देखरेख’, ‘पर्यवेक्षण’, ‘आढावा’ हे सारे शब्द पाहण्याचे, तपासण्याचे आहेत. सांभाळण्याचा शब्द त्यांत नाही. जेथे शब्द नाही तेथे पदही नसते, आणि अंदाजपत्रकात त्यासाठी रकानाही नसतो.

मराठी लोकव्यवहारात मात्र असा शब्द आहे. नवी नवरी प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची जी स्त्री वा मुलगी जाते तिला ‘पाठराखीण’ म्हणतात. ती नवरीला संसाराचे धडे देत नाही. परक्या घरात एक ओळखीचा चेहरा जवळ असावा, रात्री मनातले बोलता यावे, एवढ्यासाठी ती असते. आणि नवरी रुळली की ती परतते. तिचे परतणे ठरलेले असते व सर्वांस ठाऊक असते, म्हणून ते कोणास विश्वासघातासारखे वाटत नाही. होमरच्या काव्यातील मेंटररूपी अथीनेची भूमिका जर कोणत्या मराठी शब्दात नेमकी उतरत असेल तर ती याच शब्दात.

ही संकल्पना दोन पातळ्यांवर उपयोगी आहे. सोबत्याने मुलाची पाठ राखावी, आणि संस्थेने सोबत्याची. दुसऱ्या पातळीवर तिचा आशय असा मांडता येईल : आवाहनातच किमान एका वर्षाची अट आणि आठवड्याचे नेमके तास सांगावेत; पहिल्या तीन महिन्यांत एका ठराविक व्यक्तीने दर पंधरवड्यास सोबत्याशी बोलावे व त्या बोलण्यात अहवाल मागण्यापूर्वी अडचण विचारावी; एका व्यक्तीकडे पंधरा-वीसांहून अधिक सोबती सोपवू नयेत; आणि सोबत संपविण्याची वेळ येईल तेव्हा मुलाला ते आधी सांगून रीतसर निरोप घडवून आणावा. यांतील आकडे परिस्थितीनुसार बदलतील. तत्त्व बदलणार नाही.

तथापि या शब्दावरही एक गंभीर आक्षेप संभवतो. आजच्या वृत्तपत्रीय मराठीत ‘पाठराखण करणे’ याचा अर्थ दोषी व्यक्तीस पाठीशी घालणे असाही होतो, आणि हा अर्थ युवककार्याच्या संदर्भात उपेक्षणीय नाही. मूल आणि प्रौढ यांच्या एकांतातील संबंधात गैरवर्तनाची शक्यता असते. ‘दादा’ या शब्दाचे पावित्र्य अशा वेळी तक्रारीच्या आड येते, आणि संस्थेला आपल्या नावाची काळजी मुलाच्या काळजीहून मोठी वाटू लागते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये असा अपराध कळल्यावर त्याची खबर पोलिसांस देणे बंधनकारक आहे व ती न देणे दंडनीय आहे. म्हणून निवडीच्या वेळी चौकशी, एकांतातील भेटींवर मर्यादा आणि तक्रारीसाठी सोबत्याहून भिन्न व्यक्ती नेमणे या गोष्टी पाठराखणीला विरोधी नसून तिच्या अटी होत. शब्दाचा जुना अर्थ स्वीकारावयाचा तर त्याचा नवा अर्थ जाणूनच तो स्वीकारला पाहिजे.

शब्द बदलल्याने व्यवहार बदलतो असे समजणे हा परिभाषाशास्त्राचा अहंकार ठरेल. ‘मार्गदर्शक’ या पाटीच्या जागी ‘पाठराखा’ ही पाटी लावून तासांचे तेच दप्तर चालू ठेवले तर मुलाच्या वाट्याला पूर्वीचेच अनुभव येतील. परिभाषेची चिकित्सा एवढेच दाखवू शकते की, कोणती गोष्ट बोलली जात नाही. युवककार्याच्या विद्यमान भाषेत मुलाला काय द्यावे याविषयी विपुल बोलले जाते. देणाऱ्याला कोण सांभाळतो याविषयी ती मूक आहे. ज्या संस्थेला पन्नास स्वयंसेवक मिळवता येतात पण पाचांचीच विचारपूस करता येते, तिने पाचांनाच बोलवावे हा या चिकित्सेचा व्यावहारिक निष्कर्ष होय. उरलेल्या मुलांना त्यामुळे काही काळ थांबावे लागेल. परंतु थांबलेल्या मुलाची हानी सोडून दिलेल्या मुलाच्या हानीहून कमी असते, असेच उपलब्ध पुरावा सुचवितो.